लुगड्याच्या आतली बाई

परवा नातीला हे सांगितलं, तर तिनं कानातली ती बोंडं उपसून काढली आणि म्हणाली, "आजी, तू न्यूड केलंस? शाळेत?"

"केलं," मी म्हटलं. "आणि मग तिला परकर शिवला."

ती अकरावीत आहे, चित्रकलेचा क्लास लावलाय, आणि तिची ठाम समजूत आहे की तिच्या आधी या घरात कुणी काही धक्कादायक केलेलं नाही. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं.

आधी तेव्हाची मी कशी होते ते सांगायला हवं. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका शाळेत मी शिवणाची बाई होते. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट, माझी चाळिशी नुकतीच उलटलेली. पदराला तीन पिना लावायचे. एक खांद्यावर, एक पाठीमागे, आणि एक अशा ठिकाणी की ती पिन आहे हे मला आणि देवालाच माहीत. वर्गात एखादीची ओढणी घसरली की मी बोलता बोलता थांबायचे, ती सावरेपर्यंत छताकडे बघत राहायचे. घरी टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली की मी उठून चहा टाकायचे. त्या काळात आमच्याकडे चहा फार व्हायचा. यजमान म्हणायचे, "अगं, ती बाई नुसता खांदा धुतेय." मी आतूनच म्हणायचे, "साखर किती घालू?"

अशा या सोवळ्या बाईला एका जूनमध्ये मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बोलायच्या गोड, पण पंखा मात्र स्वतःकडे वळवून ठेवायच्या.

"शिवणाला आता मुली येत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून तास बंद. आपल्या संस्थेच्या पेठच्या शाळेत मात्र शिवणाची जागा आहे."

पेठ म्हणजे घाट ओलांडून जायचं. रोज जाऊन-येऊन करणं तेव्हा शक्य नव्हतं, खोली घेऊन राहावं लागलं असतं. इकडे यजमान सातपूरच्या कारखान्यात, आठवड्याला पाळी बदलणार. आणि मुलगी नववीत. पुढचं वर्ष तिचं दहावीचं. त्या वर्षी आईनं घरात नसायचं, हे मला काही केल्या गिळवेना.

"दुसरं काही नाही का?" मी विचारलं.

"आहे. नवे चित्रकलेचे सर आलेत ना, ते नववीला मूर्तिकाम शिकवणार आहेत. त्यांना सगळ्या तुकड्या झेपायच्या नाहीत. तुम्ही त्यांच्या वर्गात बसा, शिकून घ्या. दिवाळीनंतर संस्थेचे चिटणीस साहेब येतील, त्यांना तुमच्या हातचं एक काम दाखवू. पसंत पडलं तर राहा इथंच."

"पण मोठ्या बाई, मी आणि माती?"

"पोळ्या करता ना? कणकेचंच मोठं भावंड आहे ते."

नववीच्या वर्गात बसायचं म्हणजे माझ्याच मुलीच्या वर्गात. तिला घरी सांगितलं तेव्हा ती जेवत होती. घास तसाच हातात राहिला.

"आई, मला शाळा बदलून दे."

"अगं, मी मागच्या बाकावर बसेन."

"माझ्याशी बोलायचं नाही. मला लाडाच्या नावानं हाक मारायची नाही. माझी वेणी सुटली तरी बांधायची नाही. मी तुला बाई म्हणणार, तूही मला ओळख दाखवायची नाही."

"बरं."

"आणि डबा खाल्ला का, असं तर अजिबात विचारायचं नाही!"

पोरीनं एवढ्या अटी घातल्या की बापानं वर्तमानपत्रामागून हळूच विचारलं, "लग्नाची बोलणी चाललीत का?"

सर तरुण होते. दाढी वाढलेली, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांपुढे शाडूचा एकेक गोळा आणून ठेवला आणि म्हणाले, "दाबा. आज फक्त दाबा." मुलं तुटून पडली. मी एका बोटानं दाबलं आणि हात धुऊन आले. परत दाबलं, परत धुऊन आले. सर म्हणाले, "बाई, नळ तिथेच राहणार आहे. तुम्ही इकडे बसा."

पुढच्या आठवड्यात विषय मिळाला. टोपली कमरेवर घेऊन बाजारात उभी असलेली फुलवाली. मी मनात म्हटलं, हे सोपं आहे. फुलवाल्या मी रोज बघत होते. पहाटे मळ्यातून झेंडू-शेवंती घेऊन यायच्या, घट्ट काष्टा, पदर डोक्यावरून. आणि नऊवारीत तर माझा हात धरणारं कोण होतं? मी सरळ लुगड्यालाच हात घातला. खाली शंकूसारखा गोळा उभा केला आणि त्यावर डोक्यातल्या आकड्यानं एकेक निरी कोरली. ओचा काढला, पदराचा काठ काढला, काठावर रुईफूल काढलं. मुलं उठून उठून बघायला यायला लागली. माझी मुलगीसुद्धा ओळख न दाखवता दोनदा डोकावून गेली. मी आपली मान तिरकी करून बसलेली, जणू कुणी फोटो काढतंय.

सर आले. बराच वेळ बघत राहिले. मग अंगठा पुढे करून त्यांनी माझ्या फुलवालीच्या पोटाशी हलकेच दाबलं. अंगठा सरळ आत गेला.

"बाई," ते म्हणाले, "लुगडं सुरेख झालंय. आत कुणी नाही."

"म्हणजे?"

"गुडघा कुठंय हिचा?"

"लुगड्यात."

"लुगड्यात कुठं?"

वर्ग हसला. मी निऱ्यांवरून बोट फिरवायला लागले, इथं असेल, नाही, जरा वर. अर्ध्या नाशकातल्या पोरींची मापं घेतलेली बाई मी! छाती, कंबर, बाहीघेर, मुंढा, सगळं तोंडपाठ. पण गुडघ्याचं माप शिंप्याला कोण देतं?

"आधी सगळी बाई करायची," सर म्हणाले. "मग तिला नेसवायचं."

"सगळी म्हणजे?"

"सगळी."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर, वर्गात मुलं आहेत."

"आहेत ना. तीही तेच करणार आहेत." मग माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. "बाई, गणपती करताना पीतांबर आधी की पाय आधी?"

गणपतीला मध्ये आणल्यावर काय बोलणार? पण त्या दिवशी घरी जाताना रस्त्यानं भेटणाऱ्या एकाही बाईकडे मला सरळ बघवेना. सगळ्यांच्या लुगड्यात बाई आहे, हे मला एकदम कुणीतरी सांगितल्यासारखं झालं होतं.

रात्री यजमानांना सांगितलं. ते गंभीर चेहरा करून म्हणाले, "मग समोर बसायला कोणाला बोलावणार?"

"तुम्ही गप्प बसा."

"मी आहे तयार, पण मिशी आड येईल."

शेवटी काय, रविवारी दुपारी मी न्हाणीघराची कडी लावली, बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि परकर वर करून स्वतःचे गुडघे पाहिले. हसू नका. चाळीस वर्षं ते माझ्याबरोबर चालत होते आणि आमची ओळखच नव्हती. एकावर लहानपणी पडल्याची खूण होती, ती मला दुसऱ्यावर आहे असं वाटत होतं. गुडघा नुसता गोल नसतो. वरून चपटा, खाली एक उंचवटा, आणि मागच्या बाजूला चक्क खळगा. मी पाय वाकवून बघतेय, सरळ करून बघतेय, तोंडानं "अगंबाई, अगंबाई" चाललंय. बाहेरून मुलगी दार वाजवत होती. "आई, आत कोण आहे तुझ्याबरोबर?"

त्यानंतर मी कामाला लागले. सरांनी तारेचा सांगाडा करून दिला, त्यावर माती चढवायची. मी वर्गाकडे पाठ करून, कपाट आणि भिंत यांच्या फटीत बसायचे. सुरुवातीला काही भाग मी अक्षरशः दुसरीकडे बघत केले. त्यामुळे बिचारीची एक बाजू वर आणि एक बाजू खाली झाली. सर म्हणाले, "बाई, निदान करताना तरी बघा." मग बघायला लागले. आणि बघायला लागल्यावर काय झालं ते नीट सांगता येत नाही. एका कुशीवर टोपली घेतली की त्या बाजूचा पाय ताठ होतो, दुसरा सैल पडतो, खांदा तिरका होतो. पोट मी माझंच केलं, एका बाळंतपणानंतरचं, खाली थोडं ओघळलेलं. टाचा फुलवाल्यांच्या केल्या, भेगांच्या. लाज कुठल्या दिवशी गेली ते कळलं नाही. एक दिवस मुलं बाहेर पडली, शिपाई दारं लावायला आला, आणि मी त्याच्यासमोर तिच्या मांडीला पाणी लावत होते. त्याचा जो चेहरा झाला तो बघून मला आठवलं की मी कोण आहे.

माती सुकून तडकू नये म्हणून काम थांबवताना ओलं फडकं गुंडाळायचं आणि वरून प्लास्टिक, हे सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सोमवारी चिटणीस साहेब येणार होते. शनिवारी माझी फुलवाली अंगानं पुरी झाली. लुगडं तेवढं राहिलं होतं, ते सोमवारी सकाळी सरांसमोर नेसवायचं ठरलं. सर मावसभावाच्या लग्नाला दिंडोरीला गेले.

शनिवारी दुपारी कलावर्गात मी एकटी. तिच्याभोवती फडकं गुंडाळलं. ते ढिलं वाटलं. पुन्हा गुंडाळलं. आणि अंगातली सगळी जुनी सोवळी बाई एकदम उठून उभी राहिली. रविवारी कुणी प्लास्टिक उघडलं तर? फडकं घसरलं तर? माझ्या नावाची चिठ्ठी खाली, आणि वर ही अशी! मी शिवणाच्या खोलीत गेले. तुकड्यांच्या पिशवीत लाल खारवा होता, गाद्यांना लावतात तो. त्याचा मी तिला परकर शिवला. नाडीचा, घोळदार. उरलेल्या तुकड्यात पोलकं बसलं. मापं तर आता मला पाठ होती. घालून बघितलं, काय गोड दिसत होती म्हणून सांगू! मग मातीला ओल राहावी म्हणून परकर-पोलक्यावरून भरपूर पाणी शिंपडलं, प्लास्टिक लपेटलं आणि हलक्या मनानं घरी आले.

दरवर्षी शिवणाच्या पहिल्या तासाला मी मुलींना काय शिकवायचे? नवं कापड आधी पाण्यात बुडवा, रंग जातो का बघा. विशेषतः लाल. वीस वर्षं हेच एक वाक्य ओरडून माझा घसा बसला होता, आणि ते एकाही मुलीच्या डोक्यात शिरलं नाही म्हणून मी कपाळ बडवून घ्यायचे. ते माझ्याच डोक्यात शिरलेलं नव्हतं, हे सोमवारी कळलं.

सोमवारी सरांची दिंडोरीहून येणारी एसटी आलीच नाही. चिटणीस साहेब मात्र वेळेआधी आले. पांढरी टोपी, जाड चष्मा, बोलणं कमी. मोठ्या बाई त्यांना घेऊन थेट कलावर्गात. नववीची मुलं जागच्या जागी उभी. मी कपाटाजवळ. मोठ्या बाईंनी स्वतःच प्लास्टिक सोडलं.

लाल परकर-पोलक्यातली ओली बाई बघून साहेब म्हणाले, "बाहुली का?"

"नाही नाही," मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "आमच्या बाई शिवणाच्या ना, हौसेनं घातलं असेल. अहो, काढा ते कपडे, साहेबांना काम दिसू दे."

"नको!" मी म्हटलं. केवढ्यानं, ते मला नंतर मुलीनं सांगितलं.

"नको काय? लाजताय काय एवढ्या?" असं म्हणत मोठ्या बाईंनीच एका हातानं पोलकं उपसलं आणि दुसऱ्यानं नाडी ओढली.

परकर खाली आला. फुलवाली अंगावर काही नसलेली, उजेडात उभी. वर नुसती गुलाबीसर, आणि कमरेपासून पार टाचांपर्यंत लालभडक. खारव्यानं सगळा रंग सोडला होता. मांड्यांवरून ओघळ खाली गेलेले, पायाशी थारोळं. मोठ्या बाईंच्या तोंडून "रक्त!" एवढंच निघालं आणि परकर त्यांच्या हातातून पडला. मुलगे आ वासून बघत होते. पुढच्या बाकावरच्या मुली एकाच वेळी खाली बघायला लागल्या. त्यांना काय वाटलं ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. माझी मुलगी त्यांच्यातच होती. तिचे कान त्या परकरासारखे झाले होते.

साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. चित्र तेच होतं.

"हे कोणाचं काम?"

मला घाट दिसायला लागला. एसटीच्या खिडकीतून दिसतो तसा, वळणं-वळणं. पण वीस वर्षं पोरींवर ओरडलेली बाई कुठं जाते? ती आपल्याआधी बोलते.

"माझं," मी म्हटलं. "आणि ते रक्त नाही. खारव्याचा रंग गेलाय. कापड आधी भिजवून बघायचं असतं, मी बघितलं नाही. लुगडं नेसवायचं राहिलंय. तुम्ही लवकर आलात."

चिटणिसांना 'तुम्ही लवकर आलात' म्हणणारी शाळेतली पहिली मीच असेन. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

मी पदर खोचला. पाटावर ओलं प्लास्टिक पसरलं, माती घेतली आणि लाटण्यानं लाटायला लागले. पातळ, अगदी पुरणपोळीसारखी. पट्टी कापली. फुलवालीच्या अंगाला पातळ चिखलाचा हात फिरवला आणि नेसवायला सुरुवात केली. हात चालायला लागल्यावर तोंडही चालायला लागलं, शिवणाच्या तासाला चालायचं तसं. "हे बघा, काष्टा मागे खोचला की ओढ इथं येते, मांडीवर. हा पाय सैल आहे, म्हणून इथं घडी पडणार. हा ताठ आहे, इथं नाही पडणार. आत पाय नसेल तर घडीला कळणार कसं कुठं पडायचं?" मी कोणाला सांगत होते कोण जाणे. निऱ्या काढताना एक कडा सुटायला लागली, आणि दोन्ही हात अडकलेले.

"आई, इकडून सुटतंय!"

मुलगी कधी बाकावरून उठून आली होती देव जाणे. तिनं बोटानं ती कडा दाबून धरली. आपण काय हाक मारली हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग दोघींनी मिळून पदर घेतला, कमरेवर टोपली बसवली. पावलांवर लाल तसंच राहिलं. बरं दिसत होतं, अळता लावल्यासारखं.

साहेब वाकून बघत राहिले. म्हणाले, "हिचा गुडघा दिसतोय."

"दिसत नाही साहेब," मी म्हटलं. "कळतोय."

ते सरळ उभे राहिले. मोठ्या बाईंकडे वळून म्हणाले, "उत्तम आहे. या बाई आपल्याला पेठला पाहिजेत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. परकर सुटला तेव्हाही मी इतकी गार पडले नव्हते.

"साहेब, शिवणासाठी?"

"शिवण कशाला? ह्याच्यासाठी. इथं सर आहेतच की. एका शाळेत दोन-दोन मूर्तिकार ठेवून काय करायचं? तिथं माती आहे, पोरं आहेत, शिकवायला माणूस नाही."

"पण आपलं असं ठरलं होतं," मोठ्या बाई चाचरत म्हणाल्या, "की काम पसंत पडलं तर..."

"पडलंय ना पसंत," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. वाईट माणूस नव्हता. आपण बक्षीस देतोय असंच त्यांना वाटत होतं. "येत्या जूनपासून जा. आतापासून खोली बघून ठेवा."

संध्याकाळी घरी मी पायरीवर बसले होते. यजमानांनी सगळं ऐकलं, काहीतरी विनोद तोंडाशी आलेला गिळला आणि रात्रपाळी असल्यानं डबा घेऊन गेले. अंधार पडला तरी मी दिवा लावला नव्हता. मुलगी शेजारी येऊन बसली. तिची वेणी सुटलेली होती. बांधू का, असं मी विचारलं नाही, आणि तीच पाठ करून बसली. बांधली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, थोडं वाईट करता आलं नसतं का गं तुला?"

तिला समजूत घालणारं काहीतरी सांगायला हवं होतं. आयांना अशा वेळी सुचतं. मला खरं तेवढंच सुचलं.

"आलं असतं," मी म्हटलं. "पण हात लागल्यावर राहवेना गं."

ती उठून आत गेली, दिवा लावला. डब्याचं झाकण वाजलं, मग परात वाजली. मी दारातून पाहिलं, तर पोरगी ओट्यापाशी उभी राहून कणीक भिजवत होती. तोवर कधी परातीला हात लावलेला नव्हता. पाणी जास्त झालं होतं, दोन्ही हात मनगटापर्यंत चिकटले होते. ती तशीच मळत राहिली, आणि मी तिला पीठ घाल म्हणून सांगितलं नाही.